रेडिसच्या लुआ स्क्रिप्टमधून दोन हजार कीज पॅरलल वाचता येतील का?

तुम्ही विचारलंय की रेडिस या मेमरीत डेटा ठेवणाऱ्या डेटाबेसच्या आत चालणाऱ्या, लुआ भाषेतल्या स्क्रिप्टमध्ये फॉर लूप लावून दोन हजार कीजवर (म्हणजे ज्या नावांखाली डेटा ठेवतो त्यांवर) एकेक गेट, म्हणजे वाचायची कमांड, मारतोय, ते कोरूटीन (मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारं फंक्शन) लावून एकाच वेळी पळवता येईल का. नाही येणार. आणि खरं सांगू का, त्याची गरजही बहुतेक नाहीये.

मी नाशिकचा, अंबडला एका छोट्या ऑफिसात काम करतो, आमचं अ‍ॅप बाजार समित्यांचे कांद्याचे भाव दाखवतं. त्यामुळे उदाहरण तेच देतो. लासलगावला लिलाव कसा होतो बघितलाय का? ट्रॅक्टर रांगेत उभे, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपाशी थांबतो, बोली होते, की पुढची ट्रॉली. रांग कितीही लांब असू दे, घोळका एकच. रेडिसमध्ये कमांड चालवणारा थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधली कामाची एक ओळ, तसा एकच असतो. 2020 मध्ये रेडिस 6 आलं तेव्हा थ्रेड आले म्हणून बोंब झाली होती, पण ते सॉकेटवरून, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीवरून, वाचायला-लिहायला, कमांड अजूनही एकामागून एकच चालतात. लुआचं कोरूटीन पण त्याच थ्रेडवर आळीपाळीने चालतं, म्हणजे घोळका तोच, फक्त उगाच मागेपुढे फिरवायचा.

आता मुद्दा असा की पॅरलल करावंसं वाटतं कशामुळे, तर नेटवर्कच्या खेपांमुळे. समजा तुमच्या मशीनवरून सर्व्हरला जाऊन यायला पाच मिलिसेकंद लागतात, तर दोन हजार गेट एकेक करून पाठवले की झाले दहा सेकंद. पण स्क्रिप्टच्या आत ही खेपच नसते हो, स्क्रिप्ट सर्व्हरच्या पोटातच चालते, तिथे एका गेटला काही मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे जे वाचवायला पॅरलल हवं होतं ते आधीच वाचलेलं आहे.

तरी लूप काढून एमगेट (एकाच कमांडमध्ये अनेक कीज वाचणं) वापरा, तेवढंच हलकं होतं. फक्त अनपॅक करून (म्हणजे यादी सुटी करून) कीज देताना हजार-हजारचे तुकडे करा, आठ हजारांच्या आसपास गेलं की लुआ एरर देतं. जी की नाही तिच्या जागी लुआत निल (म्हणजे ‘काहीच नाही’) येत नाही, फॉल्स येतं, तिथे नवखा हमखास फसतो. आणि आकडा परत करताना टूस्ट्रिंग करा, म्हणजे त्याचा मजकूर करा! आमच्याकडे सरासरी भाव 1845.50 चा 1845 दिसायचा, दोन दिवस डेटाबेस धुंडाळला, शेवटी कळलं की लुआचा नंबर बाहेर येताना रेडिस दशांश कापून टाकतं.

नुसतंच वाचायचं असेल, मध्ये काही अट-बिट नसेल, तर मी म्हणेन स्क्रिप्टच नको, क्लायंटमधून, म्हणजे तुमच्या अ‍ॅपकडून, पाइपलाइन करा, म्हणजे एकेका उत्तराची वाट न बघता सगळ्या कमांड एकदम पाठवा. स्क्रिप्ट चालू असते तोवर बाकी सगळे ताटकळत उभे राहतात. ती अ‍ॅटॉमिक असते म्हणतात ते हेच, फायदा पण तोच आणि डोकेदुखी पण तीच. मी एकदा स्क्रिप्टमध्ये कीज कमांड लावून सगळ्या कीज पिंजून काढल्या होत्या, तेही सकाळी लिलाव सुरू व्हायच्या वेळेला, आणि सगळ्या अ‍ॅपला बिझी एरर यायला लागली. मला वाटायचं पाच सेकंदांची मर्यादा आहे म्हणजे रेडिस स्वतःच स्क्रिप्ट मारेल. मारत नाही! पाच सेकंदांनंतर ते फक्त इतरांना बिझी म्हणायला लागतं. स्क्रिप्ट किल तुम्ही स्वतः द्यायची, आणि स्क्रिप्टने तोवर एखादी की लिहिली असेल तर तीही चालत नाही, मग सेव्ह न करता शटडाउन हाच रस्ता. माझी नुसती वाचत होती म्हणून वाचलो.

खरंच एकाच वेळी काम हवं असेल तर घोळके वाढवा, म्हणजे क्लस्टर, अनेक रेडिस सर्व्हर (नोड) मिळून. कीज ठेवायचे 16384 स्लॉट, म्हणजे कप्पे, वेगवेगळ्या नोडवर वाटलेले असतात, प्रत्येक नोडचा थ्रेड वेगळा, जसं लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतचा लिलाव एकाच वेळी चालतो. एका स्क्रिप्टमधल्या सगळ्या कीज मात्र एकाच स्लॉटमध्ये हव्यात, त्यासाठी कीच्या नावात समितीचं नाव महिरपी कंसात टाका, स्लॉट ठरवणारा आकडा, म्हणजे हॅश, त्या कंसातल्या भागाचाच निघतो. मग क्लायंटमधून प्रत्येक समितीसाठी एक स्क्रिप्ट, सगळ्या एकदम सोडायच्या, ज्या वेगळ्या नोडवर पडतील त्या खरंच पॅरलल. अर्थात सगळ्या समित्यांचं मिळून अ‍ॅटॉमिक असं काही उरत नाही, ते चालणार असेल तरच करा.

पण त्याआधी एक करा, स्लोलॉग बघा. डिफॉल्टला 10 मिलिसेकंदांच्या वर गेलेलं सगळं त्यात नोंदलं जातं. तिथे तुमची स्क्रिप्ट दिसतच नसेल तर वेळ क्लायंटकडे नाहीतर नेटवर्कमध्ये जातोय. दिसली तर तो आकडा इथे टाका, मग बघू.