इकॉलॉजी शिकायला गोव्याबाहेर जावं लागेल का?

तुमचे प्रश्न दोन : बारावी सायन्सनंतर इकॉलॉजी शिकायला डिचोली सोडून बाहेर जावं का, आणि गणित सोडलं तर चालेल का.

पदवीसाठी तरी बाहेर जाऊ नका. मी सत्तरी तालुक्यातली, बॉटनीत एम.एस्सी. इथेच केली, आता कॉलेजात शिकवते. बॉटनी किंवा झूलॉजी घ्या. पुढे ताळगावला गोवा विद्यापीठ आहेच, आणि समुद्राची ओढ असेल तर जवळच दोनापावलला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. ॲडमिशन घेताना एकच चौकशी करा : फील्डवर विद्यार्थी स्वतः मोजमाप करतात, की नुसती सहल काढून परत येतात?

आपल्याकडे शिकण्यासारखं किती आहे बघा. सत्तरीत बांबरला निरंकाराची राई आहे, रानजायफळांची देवराई. तिथल्या पाणथळ चिखलात ऑक्सिजन नसतो, म्हणून झाडांची मुळं चिखलाबाहेर येतात, गुडघ्यासारखी वळतात आणि पुन्हा आत जातात. चोडण बेटावरच्या खारफुटीतही अडचण तीच, पण तिथे काही जातींची श्वसनमुळं चिखलातून सरळ उभी वर येतात. एक गोडं पाणी, दुसरं भरती-ओहोटीचं खारं. हे दोन्ही एकाच आठवड्यात बघून या आणि मग पुस्तक उघडा. धडा वेगळाच वाटेल.

गणित मात्र सोडू नका. झाडापाखरांची नावं ओळखता आली म्हणजे इकॉलॉजी आली, असं खूप मुलांना वाटतं. पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाका. आत सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद अशा छोट्या वनस्पती सापडतील. जांभ्यावर माती जेमतेम, त्यात नायट्रोजन कमी, म्हणून पहिल्या दोन वनस्पती बारीक जीव पकडून ती उणीव भरून काढतात. आता प्रत्येक जातीची रोपं मोजा, मातीची खोली मोजा, चौकट पुढे सरकवा. माती पातळ तिथे सीतेची आसवं दाट, असं डोळ्यांना वाटेल. ते खरं की योगायोग, हे सांख्यिकीच सांगते. विविधता मोजायच्या शॅनन इंडेक्समध्येही लॉगॅरिदम आहेच. 'आर' हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सुट्टीत हळूहळू शिकता येतं. मला विचाराल तर पहिल्या वर्षी यापेक्षा मोलाचं काही नाही.

कॉलेज सुरू व्हायची वाट बघू नका. घराजवळचा एखादा सडा किंवा कुळागर (सुपारीची बाग) धरा आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत त्याच जागी जात राहा. वहीत तारीख, पाऊस, काय फुललं ते लिहा. म्हादई अभयारण्याच्या हद्दीत अभ्यास करायचा असेल तर आधी वन खात्याची परवानगी काढा. आणि कुठेही असा, रोप उपटू नका. फूल, पानाच्या दोन्ही बाजू आणि अख्खं रोप असे फोटो घेतले की ओळख पटवायला बहुतेक वेळा पुरतात.