अनियमित युद्ध म्हणजे नक्की काय, आणि एवढी मोठी फौज असूनही ते वर्षानुवर्षं का चालतं?

तुम्ही विचारलंय की अनियमित युद्ध आणि दहशतवाद एकच का, आणि रणगाडे-विमानं असलेली फौज जंगलातल्या दोन-तीनशे पोरांपुढं का अडकते. मी स्वतः फौजी नाही, खानापूर तालुक्यातला, बेळगावात छोटं दुकान आहे. पण आमचे थोरले चुलते, तात्या, मराठा लाईट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत आणि घरात जेवायला बसलं की हाच विषय, त्यामुळं मलापण वाचायचा नाद लागला. तसा बेळगावकराला हा विषय काही लांबचा नाही बघा, कॅम्पात रेजिमेंटचं सेंटर आहे, इन्फंट्री स्कूलचं कमांडो ट्रेनिंगपण इथंच, पहाटे दूध आणायला बाहेर पडलं की पाठीवर सॅक नि हातात रायफल घेऊन चिखलानं माखलेली पोरं पळत जाताना दिसतात.

आधी सोपं सांगतो. दोन देशांच्या वर्दीतल्या फौजा समोरासमोर लढल्या की ते नेहमीचं युद्ध. एक बाजू एवढी कमजोर की समोर आली तर दुपारपर्यंत संपेल, म्हणून ती समोर येतच नाही, जागा ती ठरवते, वेळ ती ठरवते, मारते आणि गावात नाहीतर रानात मिसळून जाते, ते अनियमित. तिला एकदम जिंकायची घाई नसते, टिकून राहायचं असतं, समोरचा खर्चानं आणि बदनामीनं दमेपर्यंत. दहशतवाद हे त्यातलं एक हत्यार झालं, सामान्य माणसं मुद्दाम मारून घबराट करणं. ते वापरलंच पाहिजे असं नाही. 1661 ला उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाला गाठलं तेव्हा निशाण्यावर फौज होती, आणि 26/11 ला मुंबईच्या स्टेशनात गाडीची वाट बघत बसलेली माणसं होती. दोन्हीकडं थोडे लोक, अचानक हल्ला, पण एकाच पोत्यात भरता येत नाही. (जाता जाता, गनीम म्हणजे शत्रू, मोगल आपल्याला गनीम म्हणायचे, आणि आपण तोच शब्द गनिमी कावा म्हणून अभिमानानं मिरवतो.)

आता आमच्या भागातली एक गंमत. टिपू 1799 ला पडला तेव्हा श्रीरंगपट्टणच्या तुरुंगातून धोंडिया वाघ निसटला, घोडेस्वार गोळा केले आणि या सगळ्या पट्ट्यात इंग्रजांना पळवत सुटला. त्याच्या मागावर होता आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन. जुलै 1800 च्या शेवटी सौंदत्तीजवळच्या मुनवळ्ळीला मलप्रभेच्या काठावर त्यानं धोंडियाचा तळ गाठून उधळला, तरी धोंडिया स्वतः निसटलाच, सप्टेंबरात कोनगलला मारला गेला. पुढं हाच वेलस्ली स्पेनमध्ये नेपोलियनच्या फौजांशी लढायला गेला आणि तिथं त्याच्या उपयोगाला कोण आलं तर डोंगरातनं छापे मारणारे स्पॅनिश शेतकरी. गुरिल्ला हा शब्द जगात पसरला तो त्याच लढाईमुळं, अर्थ छोटं युद्ध. म्हणजे मलप्रभेकाठी ज्याचा पाठलाग करून हा दमला तसलंच काम तिकडं त्याच्या बाजूनं चाललेलं.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला वाटतं खानापूरजवळच्या नंदगडात आहे. कित्तूरच्या चन्नम्मा राणीनं 1824 ला पहिल्या झटक्यात इंग्रजांना हरवलं, कलेक्टर थॅकरे मारला गेला, मग मोठी फौज आली नि किल्ला पडला. किल्ल्यात बसलं की असंच होतं, तोफा जास्त कुणाकडं एवढाच हिशोब उरतो. त्यानंतर राणीचाच माणूस संगोळ्ळी रायण्णा बाहेर पडला तो या हिशोबातच शिरला नाही. बिडी, संपगाव, खानापूर, सरकारी कचेऱ्या जाळायच्या, खजिना लुटायचा, आणि कागदपत्रं जाळायची. कागदपत्रं का, तर कंपनीनं सारा वाढवला होता, शेतसनदी लोकांच्या, म्हणजे शिपाईगिरीच्या बदल्यात जमीन मिळालेल्यांच्या, इनामी जमिनी काढून घेतल्या होत्या, रायण्णा स्वतः शेतसनदी. म्हणजे ज्या गावात तो रात्री भाकरी मागायचा त्या गावाचंच दुखणं तो जाळत होता. असल्या माणसाची बातमी गाव कशाला देईल? फौज महिनोन्‌महिने फिरली तरी सापडेना. शेवटी एप्रिल 1830 ला सापडला तो लढाईत नाही, आपल्यातल्याच लोकांनी फितुरी करून पकडून दिला. 26 जानेवारी 1831 ला नंदगडात फाशी दिलं.

सगळा खेळ बातमीचा आहे असं माझं मत झालंय ते यामुळं. गाव कुणाला बातमी देतं, कुणापासून लपवतं, ते बघायचं. बंदुकीचा नंबर त्याच्या नंतर लागतो. महाराजांकडं बहिर्जी नाईक होते ते काय उगाच नव्हते.

तात्यांनी वैरेंगतेला कोर्स केलाय, मिझोराममध्ये, जंगलातल्या लढाईची आर्मीची शाळा आहे तिथं, गनिमाशी गनिमासारखं लढा हे तिचं ब्रीद. मी एकदा विचारलं की तात्या एवढं शिकवतात तर मिझोरामला 20 वर्षं का लागली. 1966 ला मिझोंचा उठाव झाला, ऐझॉलवर आपल्याच विमानांनी बाँब टाकले, मग गावंच्या गावं उठवून रस्त्याकडंला आणून वसवली, हेतू हाच की जंगलातल्या पोरांना धान्य नि बातमी मिळू नये. धान्य तुटलं असेल पण ज्याचं घर जाळून त्याला दुसरीकडं आणून बसवलं तो तुम्हाला बातमी देणार आहे का? मिटलं ते 1986 च्या करारानं, उठावाचा म्होरक्या लालडेंगा परदेशातनं परत येऊन मुख्यमंत्री झाला, आणि तेव्हापासून तिथं शांत आहे. तात्या एवढंच म्हणाले, "आमचं काम टाईम मिळवून द्यायचं, मिटवायचं काम आमचं नव्हं."

श्रीलंकेत उलटं झालं. 1987 ला शांतिसेना गेली ती करार राबवायला, आणि ज्या तमिळ वाघांना (एलटीटीई) आधी आपणच ट्रेनिंग दिलं होतं त्यांच्याशीच लढावं लागलं, भाषा कळत नाही, घरातल्या बाईकडं बघून समजत नाही ती घाबरलीय का काही लपवतीय. सुमारे 1200 जवान गेले. याउलट गडचिरोलीत 1990 ला नक्षलवाद्यांशी लढायला सी-60 ही पोलीस कमांडोंची तुकडी उभी केली त्यात पोरं तिथलीच घेतली, गोंडी-माडिया बोलणारी, नाले-पायवाटा माहीत असणारी. तरी धोका संपतो असं नाही, 1 मे 2019 ला सुरुंगात 15 पोलीस गेलेच, सोबत गाडीचा ड्रायव्हरपण.

आता आजचं नवीन काय ते. बातमी पूर्वी गावातनं यायची, आता फोनमधनं येते, आणि फोन कुणाच्या बाजूचा नसतो. 26/11 ला 10 जण मुंबईत आणि त्यांना चालवणारे पाकिस्तानात टीव्हीपुढं बसून, कमांडो कुठून उतरालेत ते आपलीच चॅनेल लाईव्ह दाखवत होती. 166 माणसं गेली. सुप्रीम कोर्टानं नंतर चॅनेलांना झापलं आणि 2015 ला असल्या कारवाईच्या लाईव्हवर बंदी आली, पण आज प्रत्येकाच्या खिशात चॅनेल आहे, त्याला काय करणार?

त्याहून मला भीती वाटते ती अफवेची. ऑगस्ट 2012 आठवतंय का, ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार अशा मेसेजमुळं हजारो पोरं दोन-तीन दिवसांत बेंगळुरू सोडून गेली, गुवाहाटीला जादा रेल्वे सोडाव्या लागल्या, सरकारनं एका वेळी 5 च्या वर एसएमएस पाठवायला बंदी घातली. तिथं कुणी बंदूक घेऊन आलंच नव्हतं. आणि आमच्याकडचंच सांगायचं तर डिसेंबर 2021, बेंगळुरूत महाराजांच्या पुतळ्यावर काळं ओतल्याचा व्हिडिओ फिरला, बेळगावात लोक रस्त्यावर, गाड्या फुटल्या, रात्रीत अनगोळला, कन्नड लोक ज्याला आपला मानतात त्या रायण्णाच्या पुतळ्याची नासधूस. ते युद्ध नव्हतं, घरातलं भांडण होतं, उगाच मोठं नाव द्यायचं नाही. पण आयुष्यभर गनिमी काव्यानं लढलेल्या दोघांचे पुतळे, आणि त्यांच्या नावानं आम्हीच एकमेकांवर धावालोय, हे बाहेरच्या एखाद्यानं बघितलं तर त्याला कळणार नाही का की इथं माणूस पाठवायची गरजच नाही, एक व्हिडिओ बास. सीमाभागात मराठी-कन्नड काही झालं की आमच्या ग्रुपवर पाच वर्षांपूर्वीची दगडफेक आजची म्हणून येते, आणि मीपण एकदा पुढं ढकललीय, लपवत नाही. दुसऱ्या दिवशी शेजारचा कन्नड दुकानदार विचारतो, काय हो सगळं ठीक ना, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ड्रोनचं थोडक्यात. जून 2021 ला जम्मूच्या एअरफोर्स स्टेशनवर ड्रोननं दोन स्फोटकं टाकली, नुकसान किरकोळ, पण पकडायला माणूसच नाही. आणि 1 जून 2025 ला युक्रेननं ट्रकवरच्या लाकडी खोल्यांत 117 ड्रोन लपवून थेट रशियाच्या आत नेले आणि बाँबर विमानं जाळली. युक्रेनकडं रीतसर फौज आहे, तरी हा छापा गनिमी. म्हणजे नियमित-अनियमित ही रेघच पुसत चाललीय, त्यामुळं व्याख्येत फार अडकू नका.

नंदगड बघायचं असेल तर खानापूरवरनं जवळ आहे, रायण्णाच्या समाधीजवळ मोठं वडाचं झाड आहे. तिथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा रायण्णाला कुणी धरून दिलं, पावणेदोनशेच्या वर वर्षं झाली तरी फितुराची कथा अजून रागानं सांगतील.