वाचक विचारतात : सगळ्यांनाच इंटरव्ह्यूला बसवू का?

प्रश्न : नाशिकला आमचा छोटा प्रिंटिंगचा धंदा आहे, आम्ही सात जण. मागचा डिझायनर मी एकट्यानेच निवडला, दीड महिन्यात गेला, आता टीम म्हणते या वेळी आम्हालाही विचारा. काय करू?

उत्तर : विचारा की, पण सातही जण एका बाजूला अन् समोर एकटं पोरगं असं नको हो, कांदेपोह्यांचा कार्यक्रम होतो तो! ज्यांचं रोज त्याच्याशी काम पडणार ते दोघंच बसवा, बाकीच्यांशी चहावर गप्पा होऊ देत. अर्धा दिवस खरं काम द्या, त्याचे पैसेही द्या, म्हणजे गिऱ्हाईक लग्नपत्रिकेत तिसऱ्यांदा मामाचं नाव बदलायला सांगतं तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो ते कळेल 😄. मग प्रत्येकाने आपलं मत आधी चिठ्ठीवर लिहायचं, चर्चा नंतर, नाहीतर सगळ्यात जुना माणूस बोलला की बाकीचे नुसती मान हलवतात. अमेरिकेतल्या होल फूड्स या किराणा दुकानांच्या साखळीत तर नवीन माणसाला काही दिवसांनी टीमची दोन तृतीयांश मतं मिळवावी लागायची, तुम्हाला एवढं नकोय, शेवटचा निर्णय तुमचाच, हे मात्र आधीच सांगून ठेवा. आणि हो, 'लग्न कधी' वगैरे कुणी विचारायचं नाही.