वाचकांचे प्रश्न : पिकअपवरची सूट नेमकी कोणाच्या पैशातून मिळते?

प्रश्न : टेक्सासमध्ये माझा लहानसा बांधकाम व्यवसाय असून कामासाठी मला नवी पिकअप घ्यायची आहे. दोन डीलरांकडे तंतोतंत सारखी गाडी उभी आहे आणि दोन्हीकडे स्टिकरवरची, म्हणजे कंपनीने गाडीवर लावलेली किंमत ६०,००० डॉलरच आहे. एक डीलर ४,००० डॉलर कमी करतो, तर दुसरा ८,५०० डॉलर कमी करून वर सांगतो की, ‘इन्व्हॉइसच्याही खाली, तोटा सोसून देत आहोत.’ यावर विश्वास ठेवावा का? तसेच कंपनीची ४,००० डॉलरची रोख सूट किंवा शून्य टक्के व्याजाचे कर्ज यांपैकी एकच घेता येईल, असे दोघेही म्हणतात. त्यांतले काय निवडावे?

उत्तर : दुसरा डीलर कदाचित खोटे बोलत नसेल, पण तो पूर्ण हिशेबही सांगत नाही. इन्व्हॉइस म्हणजे कंपनीने डीलरला पाठवलेले बिल. मात्र गाडीची डीलरला पडलेली खरी किंमत त्या बिलावर संपत नाही. अमेरिकेतील अनेक कंपन्या गाडी विकली गेल्यावर डीलरला ‘होल्डबॅक’ म्हणून ठरावीक रक्कम परत करतात. ती साधारणपणे किमतीच्या दोन ते तीन टक्के असते. ६०,००० डॉलरच्या गाडीवर तीन टक्क्यांनी हे १,८०० डॉलर होतात आणि खरेदीदाराला दाखवल्या जाणाऱ्या इन्व्हॉइसमध्ये त्यांचा उल्लेख वजावट म्हणून नसतो. याखेरीज कंपनी काही वेळा थेट डीलरला रोख रक्कम देते. ती ग्राहकाला द्यायची की स्वतःकडे ठेवायची, हे डीलर ठरवतो. ग्राहकासाठी जाहीर केलेल्या रिबेटची, म्हणजे रोख सवलतीची, माहिती सर्वांना असते, पण डीलरला मिळणाऱ्या या रकमेची जाहिरात होत नाही.

दोन डीलरांच्या भावांत एवढा फरक पडण्याचे बहुधा सर्वांत मोठे कारण मासिक उद्दिष्टांत सापडते. समजा, कंपनीने एका डीलरला महिन्याला ४० पिकअप विकण्याचे उद्दिष्ट दिले आणि ते गाठल्यास प्रत्येक गाडीमागे ५०० डॉलर देऊ केले. ३९ गाड्या विकून तो थांबला तर त्याला काहीच मिळत नाही. चाळिसावी गाडी गेली की एकदम २०,००० डॉलर मिळतात. अशा डीलरने ती चाळिसावी गाडी दोन-तीन हजार डॉलरचा तोटा सोसून विकली, तरी महिन्याच्या हिशेबात तो फायद्यातच राहतो. शेजारच्या गावातील डीलरचे उद्दिष्ट आधीच पूर्ण झाले असेल किंवा गाठण्यापलीकडे गेले असेल, तर त्याला तशी घाई नसते. टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या या बक्षिसांवर अनेक डीलर स्वतःच नाराज आहेत, आणि मला त्यांची तक्रार रास्त वाटते, कारण एकाच दिवशी एकच गाडी घेणाऱ्या दोन ग्राहकांना यामुळे कोणत्याही समजण्याजोग्या कारणाशिवाय वेगवेगळा भाव पडतो.

गाडी आवारात किती दिवस उभी आहे, हेही विचारावे. डीलर बहुतेक गाड्या कर्ज काढून आणतो. ६०,००० डॉलरवर आठ टक्के व्याज धरले, तर रोजचे सुमारे १३ डॉलर होतात. म्हणजे चार महिने पडून राहिलेल्या गाडीने त्याचे दीड हजारांहून अधिक डॉलर खाल्लेले असतात. कंपन्या या व्याजापोटी थोडी मदत देतात, पण ती ठरावीक मुदतीपुरतीच. गाडी केव्हा तयार झाली, तो महिना दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो. तो पाहून मग बोलणी करावीत.

आता रोख सूट की शून्य टक्के व्याज, या प्रश्नाकडे वळू. याचे उत्तर आपण किती रक्कम कर्जाऊ घेणार यावर अवलंबून आहे, आणि नेमकी हीच गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. डीलरची स्वतःची सूट धरून गाडी ५०,००० डॉलरला ठरली, असे समजू. सगळी रक्कम पाच वर्षांसाठी शून्य टक्क्याने घेतली, तर एकूण ५०,००० डॉलरच भरावे लागतात. रोख सूट घेऊन उरलेले ४६,००० डॉलर सात टक्क्यांनी घेतले, तर एकूण फेड सुमारे ५४,६५० डॉलरची होते. इथे शून्य टक्के उघडच फायद्याचे आहे. पण आपण २५,००० डॉलर आधी भरणार असाल, तर चित्र पालटते. शून्य टक्क्याने २५,००० डॉलर फेडायचे, किंवा सूट घेऊन २१,००० डॉलरचे कर्ज सात टक्क्यांनी घेऊन सुमारे २४,९५० डॉलर फेडायचे. दोन्ही जवळजवळ सारखेच. याहून अधिक रक्कम आधी भरता येत असेल, किंवा आपल्या क्रेडिट युनियनकडून (सभासदांच्या पतसंस्थेकडून) कमी दराने कर्ज मिळत असेल, तर रोख सूट घ्यावी. शून्य टक्क्याचे कर्ज बहुधा उत्तम पत असलेल्या ग्राहकालाच मिळते, त्यामुळे मंजुरी हाती येईपर्यंत त्याच्यावर विसंबू नये.

भाव पक्का झाल्यावर आपल्याला वित्त विभागात नेले जाते आणि तिथे सावध राहणे फार आवश्यक आहे. बँकेने सहा टक्के दर मंजूर केला असताना डीलरने ग्राहकाला साडेसात टक्के सांगणे आणि वरच्या फरकातील वाटा स्वतः घेणे, ही या व्यवसायातील रूढ पद्धत आहे. आधी मिळवलेली ८,५०० डॉलरची सूट या खोलीत व्याज, वाढीव वॉरंटी आणि रंगसंरक्षक लेप यांच्या रूपाने सहज परत जाऊ शकते. म्हणून मासिक हप्त्यावर चर्चा करू नये. कर, नोंदणी, वाहतूक आकार आणि कागदपत्रांचे शुल्क धरून गाडी आवाराबाहेर काढेपर्यंतची एकूण किंमत लेखी मागावी आणि दोन्ही डीलरांचे तेच आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

प्रश्न : एवढ्या कंपन्या स्पर्धेत असताना अमेरिकेत पिकअपची मूळ किंमतच का उतरत नाही? सूट देण्यापेक्षा सरळ स्टिकरच कमी का करत नाहीत?

उत्तर : स्पर्धा आहे, पण ती कुंपणाच्या आतली आहे. डिसेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी आयात हलक्या ट्रकांवर (पिकअप त्यांतच मोडतात) २५ टक्के शुल्क लावले. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर वाढवलेल्या शुल्काला ते प्रत्युत्तर होते आणि त्याचा रोख मुख्यतः पश्चिम जर्मनीच्या फोक्सवॅगनवर होता. कोंबड्यांचा वाद केव्हाच विरला, ट्रकवरचे शुल्क मात्र टिकून राहिले. मोटारींवर अनेक दशके अडीच टक्के शुल्क असताना ट्रकवर त्याच्या दहापट होते. त्यामुळे ज्याला या बाजारात यायचे, त्याला उत्तर अमेरिकेत कारखाना काढणे भाग पडले. टोयोटाने टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे टुंड्रा या पिकअपचे उत्पादन सुरू केले. निसानने मिसिसिपी राज्यात टायटन ही पिकअप बनवली, पण ती फोर्ड, शेव्हरोले आणि रॅम यांच्यासमोर टिकली नाही आणि २०२४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पिकअप घेणाऱ्यांची ब्रँडनिष्ठा फार चिवट असते, त्यामुळे नव्या कंपनीला गाडी चांगली असूनही ग्राहक मिळत नाहीत.

स्टिकर कमी न करण्यामागचे कारण सरळ आहे. स्टिकर उतरवला की कालपर्यंत विकलेल्या सर्व गाड्यांचे पुनर्विक्री मूल्य घसरते आणि पुढे किंमत पुन्हा वाढवली की ती सर्वांच्या डोळ्यांत भरते. सूट मात्र एखाद्या राज्यापुरती, एखाद्या श्रेणीपुरती किंवा प्रतिस्पर्ध्याची गाडी बाळगणाऱ्या ग्राहकापुरतीच देता येते आणि महिना संपताच गाजावाजा न करता काढून घेता येते. ‘आपल्याकडे दुसऱ्या कंपनीची पिकअप आहे का?’ असे डीलर विचारतो, तेव्हा त्यामागे बहुधा अशी खास सूट असते. मूळ किंमत चढती ठेवून सवलतीने ग्राहक ओढायचे, हा खेळ जुना आहे. २००५ च्या उन्हाळ्यात जनरल मोटर्सने आपल्या कर्मचाऱ्यांना मिळणारा सवलतीचा भाव सर्वांना देऊ केला, तेव्हा फोर्ड आणि क्रायसलर यांनाही काही आठवड्यांत तेच करावे लागले.

तरीही या कुंपणात स्पर्धेने ग्राहकाचे भले केल्याची उदाहरणे आहेत. रॅमने आपल्या ‘१५००’ या पिकअपची नवी पिढी बाजारात आणल्यावर जुनी गाडी बंद न करता ‘क्लासिक’ या नावाने स्वस्तात विकत ठेवली, आणि २०१९ मध्ये रॅमने विक्रीत शेव्हरोलेच्या सिल्व्हराडो या पिकअपला मागे टाकले. ज्याला कामासाठी गाडी हवी होती, चामड्याच्या आसनांसाठी नव्हे, त्याची ती सोय होती. पुढे रॅमची मालकी असलेल्या स्टेलँटिस समूहाने किमती इतक्या वाढवल्या की २०२४ मध्ये डीलरांच्या आवारात न विकलेल्या गाड्या साचल्या. स्टेलँटिसच्या डीलरांच्या राष्ट्रीय परिषदेने समूहाचे मुख्याधिकारी कार्लोस टाव्हारेस यांच्यावर उघड पत्रातून टीका केली आणि त्या डिसेंबरात त्यांनी पद सोडले. दरम्यान साठा हलवण्यासाठी मोठ्या सवलती द्याव्या लागल्याच. आपण घेऊ इच्छिता त्या गाडीचा साठा किती साचला आहे, हे पाहिल्याशिवाय बोलणी सुरू करू नयेत, असे मी आग्रहाने म्हणतो ते यामुळेच.

प्रश्न : कंपनीने जाहीर केलेल्या किमतीपेक्षा डीलर ५,००० डॉलर अधिक मागत आहे. हे कायदेशीर आहे का?

उत्तर : दुर्दैवाने, सर्वसाधारणपणे आहे. स्टिकरवरची किंमत ही कंपनीची केवळ शिफारस असते. बहुतेक राज्यांचे फ्रँचायझी कायदे (कंपनी आणि डीलर यांच्या संबंधांचे कायदे) फोर्डसारख्या कंपन्यांना थेट ग्राहकाला गाडी विकू देत नाहीत आणि डीलर स्वतंत्र व्यापारी असल्याने अंतिम भाव तोच ठरवतो. २०२१-२२ मध्ये चिपच्या टंचाईमुळे गाड्या कमी पडल्या, तेव्हा अशी वाढीव मागणी सर्रास झाली. फेडरल ट्रेड कमिशन या केंद्रीय ग्राहकसंरक्षण यंत्रणेने डीलरांच्या दरविषयक फसवणुकीविरुद्ध डिसेंबर २०२३ मध्ये केलेला नियम अपील न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये रद्द केला. जाहिरातीत एक भाव आणि दुकानात दुसरा, असे घडले असेल, तर राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या (मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या) ग्राहक विभागाकडे तक्रार करता येते. म्हणून जाहिरातीची प्रत जपून ठेवावी.

थेट विक्री असली म्हणजे भाव स्थिर राहतो, असेही नाही. डीलरांविना थेट ग्राहकाला गाड्या विकणाऱ्या टेस्लाने सायबरट्रक ही विद्युत पिकअप २०१९ मध्ये ३९,९०० डॉलरपासून मिळेल असे सांगितले होते; २०२३ च्या अखेरीस ती आली, तेव्हा सर्वांत स्वस्त आवृत्तीची किंमत ६०,९९० डॉलर ठेवली होती. डीलरांमार्फत विकल्या गेलेल्या फोर्डच्या विद्युत एफ-१५० लाइटनिंग पिकअपची सुरुवातीची किंमतही ४०,००० डॉलरच्या आतून दोन वर्षांत जवळपास ६०,००० वर गेली आणि जुलै २०२३ मध्ये एका झटक्यात सुमारे १०,००० डॉलरनी खाली आली. घाई नसेल, तर जादा ५,००० डॉलर देऊ नयेत. आसपासच्या शंभर-दोनशे मैलांतील डीलरांना ईमेलने भाव विचारावा आणि त्यातला कमी भाव आपल्या डीलरपुढे ठेवावा.