स्वस्तातल्या ब्रिक सेटचं परीक्षण लिहिताना

लातूरच्या गंजगोलाई बाजारातून एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा शंभर-दीडशे रुपयांचा सेट आणला की लगेच फोटो टाकून 'मस्त आहे' असं लिहू नकोस. आधी पकड बघ. दोन ठोकळे जोड, वरचा धरून हलव, खालचा सुटतो का बघ. मग बऱ्याचदा काढ-घाल कर आणि पुन्हा तेच करून बघ. स्वस्त मालाची खरी परीक्षा इथंच होते, पहिल्यांदा तर सगळेच घट्ट बसतात. जमलं तर लेगो कंपनीचा एक ठोकळा तुलनेला जवळ ठेव. त्याची उंची 9.6 मिमी असते आणि तीन चपट्या प्लेटा एकावर एक रचल्या की तेवढीच भरते. तुझ्या सेटमध्ये नाही भरली, तर भिंतीत फट पडणारच, ते स्पष्ट लिही.

एका तुकड्यामागं किती रुपये पडले, हा हिशोब मला फारसा पटत नाही. निम्मे तुकडे नुसत्या टिकल्याच असतात.

डब्यावर आयएसआयचं चिन्ह आहे का, तेही सांग. 2021 पासून खेळण्यांना ते सक्तीचं आहे. आणि तीन वर्षांखालच्या लेकरांच्या हाती हे बारके तुकडे द्यायचे नाहीत, हे दरवेळी लिहायचं. जत्रेत घेताना आईबापांना ते कुणी सांगत नाही.