चढावर इंजिन घसरतंय

प्रश्न : माझ्या खेळण्यातल्या रेल्वेचा एचओ स्केलचा (खऱ्या गाडीच्या १/८७ आकाराचा) लेआउट, म्हणजे रुळांची मांडणी, २.४ बाय १.२ मीटरच्या प्लायवूडवर आहे. रूळ आठाच्या आकड्यासारखे, मधोमध एक लाइन दुसरीवरून पुलाने जाते. दोन्ही बाजूंना सव्वा मीटरमध्ये १० सेंटिमीटर चढ दिलाय. उरलेली गोलाई सपाट ठेवली, कारण तिथे स्टेशन हवं होतं. सहा डबे लावले की इंजिन अर्ध्या चढावर जागच्या जागी चाकं फिरवत बसतं. कसंबसं वर पोचलंच, तर पुलाच्या तोंडाशी डबे सुटतात. इंजिनात शिसं भरू का?

उत्तर : शिशाचं नंतर बघू. आधी भागाकार करा. १० भागिले १२५, म्हणजे ८ टक्के चढ. इंजिन धरून गाडीचं वजन किलोभर असेल, तर नुसता चढ चढायलाच ८० ग्रॅमची ओढ लागते. चाकांचं घर्षण आणि गोलाईचं ओढणं वेगळंच. ३०० ग्रॅमचं इंजिन फार तर आपल्या वजनाच्या पावपट, म्हणजे पाऊणशे ग्रॅमपर्यंत ओढतं. त्याचं काही चुकत नाहीये.

आता १० सेंटिमीटर लागतात का ते बघा. तुमचा सगळ्यात उंच डबा मोजा. एचओत रुळाच्या माथ्यापासून पुलाच्या पोटापर्यंत साधारण ७५ मिमी मोकळे ठेवतात. पुलाची फळी पातळ घेतली, तर वरचा रूळ खालच्यापासून ८५ मिमीवर बसतो. दीड सेंटिमीटर इथेच वाचला.

खरी गोम स्टेशनात आहे. तुमच्या फळीवर ४५ सेंमी त्रिज्येची एक पूर्ण गोलाई, पुलापासून पुन्हा पुलाखाली येईपर्यंत, सुमारे ३ मीटर भरते. हे सगळे ३ मीटर चढाला द्या. दोन्ही टोकांना ३०-३० सेंमीत उतार हळूहळू सुरू करून हळूहळू संपवायचा, तेवढं धरूनही चढ ३.२ टक्क्यांच्या आसपास येतो. सहा डबे निघतील. स्टेशन मात्र गोलाईच्या पोटात, फाटा काढून सपाट घ्यावं लागेल. उतारावर डबे सोडले की ते आपण चहा प्यायला उठलो की निघतातच. माझे दोन थेट जमिनीवर गेले होते.

पुलाशी डबे सुटतात ते उतार तिथे एकदम मोडल्यामुळे. एक कपलर (डबे जोडणारा आकडा) वर उचलला जातो, दुसरा खालीच राहतो. तुकडे जोडून चढ करू नका. प्लायवूडलाच रुळाच्या दोन्ही कडांनी काप द्या आणि ती पट्टी उचलून खाली ठोकळे लावा. लाकूड आपोआप गुळगुळीत वाकतं. वाकणाऱ्या भागात सांधा मात्र ठेवायचा नाही.

मोजायला माझ्याकडे एक भिकार पण चोख अवजार आहे : २५ सेंमीची पट्टी, एका टोकाखाली चिकटवलेला ८ मिमीचा ठोकळा आणि वर छोटी लेव्हल. ठोकळा उताराच्या बाजूला ठेवून बुडबुडा मध्ये आला, की चढ ३.२ टक्के. दर वीतभर अंतरावर ठेवत जायचं.

स्क्रू पक्के आवळण्याआधी सहाही डबे लावून गाडी चढाच्या मध्यावर थांबवा आणि तिथूनच पुन्हा सुरू करा. तरीही घसरली तर शिसं भरा, पण मोटर गरम होते का ते बोट लावून बघत राहा.