सतत हरणाऱ्या कोवळ्या टीमचा चाहता म्हणून राहायचं तरी कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिकायला अमेरिकेत सॅन होजेला गेलात, रूममेटने एकदा शार्क्सच्या मॅचला नेलं, बर्फावरच्या हॉकीची चटक लागली. आता टीम पोराटोरांची, दर दोन दिवसांनी हरते, हातात आलेली मॅच तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पिरियडला घालवते, आणि तक्रार केली की सगळे ‘धीर धर’ म्हणतात. बघणं सोडू का?

मी देवगड तालुक्यातून लिहितोय, साल २०२५. हसू नका. २०११ ते २०१८ मी सॅन होजेला नोकरीला होतो. मग बाबांचे गुडघे आणि कलमांची बाग या दोघांनी मिळून मला परत बोलावलं. नोकरी सुटली, टीम काही सुटली नाही. त्यातल्या त्यात सोय एवढीच की तिथली संध्याकाळची मॅच आमच्याकडे सकाळी साडेसात-साडेआठला सुरू होते. चहा, घावणे आणि पराभव.

शार्क म्हणजे आमच्याकडे मोरी. तिची आमटी होते. बर्फ म्हणजे बंदरावर पापलेटावर टाकायचा चुरा. त्यामुळे बर्फावर मोरी हरते यात बाबांना कधीच काही विशेष वाटलं नाही. ‘बर्फात घातलेली मोरी ती. जिंकतली कशी?’ हे त्यांचं २०२३ पासूनचं विश्लेषण, आणि खरं सांगायचं तर मी टीव्हीवर ऐकलेल्या बऱ्याच विश्लेषणांपेक्षा वाईट नाही.

तुम्ही नवीन आहात म्हणून आधी तुमच्या चिडण्याला थोडा संदर्भ देतो. २०२३-२४ चा सीझन सुरू झाला आणि पहिल्या ११ मॅचमध्ये एकही विजय नाही. त्यात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, तेही घरच्या मैदानावर, व्हँकुव्हरकडून १०-१ आणि दोनच दिवसांनी पिट्सबर्गकडून १०-२. दुसऱ्या मॅचला मी सातव्या गोलनंतर उठून भांडी घासली. सीझनअखेर ८२ मॅचमध्ये १९ विजय, ४७ गुण, लीगमध्ये तळाला. २०२४-२५ मध्ये २० विजय, ५२ गुण, पुन्हा तळाला. म्हणजे वर्षभर धीर धरून आपल्याला एक विजय जास्त मिळाला.

तेव्हा ‘धीर धर’ म्हणणाऱ्यांचं आधी बघू. मला तर इथे सगळे कलमाचं उदाहरण देतात. कलम लावलं की चार-पाच वर्षं फळ धरायचं नाही, हे मला कोणी शिकवायला नको, मी तेच करतो. पण तेवढी वर्षं कलम माझ्याकडून तिकिटाचे पैसे घेत नाही. आणि नुसतं थांबल्याने फळ येतं असंही नाही. बफेलोच्या टीमकडे बघा. २०१८ ला आणि २०२१ ला, दोनदा त्यांना ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या क्रमांकाचा खेळाडू मिळाला. तरी २०२४-२५ धरून सलग १४ सीझन प्लेऑफ नाही, एनएचएलमधला, म्हणजे या लीगमधला, तो विक्रम. धीराचाच हिशोब असता तर त्या गावाला आतापर्यंत चार कप मिळायला हवे होते.

मग ही पोरं हातातली मॅच घालवतात का? यावर मला सविस्तर लिहायचंय, कारण माझ्या मते लोक चुकीच्या जागी चिडतात.

१० ऑक्टोबर २०२४ ची मॅच आठवा, नसेल बघितली तर शोधून बघा. सीझनची पहिलीच मॅच, समोर सेंट लुईस. मॅकलिन सेलेब्रिनी, वय १८, ड्राफ्टचा पहिला क्रमांक, पहिल्याच मॅचमध्ये एक गोल, एक असिस्ट. आपण ४-१ ने पुढे. मी घावणा तव्यावर तसाच टाकून आलो. आणि आपण ती मॅच ओव्हरटाइममध्ये ५-४ ने हरलो. वर सेलेब्रिनी त्याच मॅचमध्ये दुखावला आणि पुढच्या १२ मॅच बाहेर बसला. पुढे पहिल्या नऊ मॅचमध्ये विजय शून्य.

आघाडी कशी जाते ते नीट बघितलंत तर लक्षात येईल की तेव्हा प्रश्न गोल करण्याचा नसतो. त्यांना काहीही न करणं जमत नाही. शेवटची दहा मिनिटं, दोन गोलनी पुढे, पक, म्हणजे ती रबरी चकती, आपल्या हद्दीच्या निळ्या रेषेजवळ. जुना गडी काय करेल? काचेवर आपटून पक बाहेर ढकलेल आणि धापा टाकत बाकावर जाऊन बसेल. बघायला कंटाळवाणं, पण वीस सेकंद गेले. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला तिथे मधूनच एक नाजूक पास दिसतो. कॉलेजात तो पास दहातून नऊदा लागायचा. इथे समोरच्याची काठी मध्ये येते, तिघे आपल्या दोघांवर धावून जातात, आणि पाच सेकंदांनी गोली जाळ्यातून पक काढत असतो.

हे मला हॉकीने नाही, कबड्डीने शिकवलं. आमच्या वाडीचा संघ आहे, सगळी बारावी-आयटीआयची पोरं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावात रात्रीची स्पर्धा होती. शेवटची दोन मिनिटं, आम्ही चार गुणांनी पुढे. आमचा चढाईपटू गेला. त्याला करायचं काय होतं? निदान रेषा ओलांडायची, तीस सेकंद नाचायचं, परत यायचं. बास. पण समोरचा डावा कोपरा जरा पुढे आलेला त्याला दिसला, आणि पोरगा पाय टाकायला गेला. कोपऱ्याने घोटा धरला, मधल्याने कमरेत मिठी मारली. गुण गेला तो गेलाच, बाकीचे असे भेदरले की एकामागून एक बाद होत वर लोणही चढला. दोन गुणांनी हरलो. मी कठड्याला धरून घसा बसेपर्यंत ओरडत होतो. ‘उभा रव! नुसतो उभा रव!’ परतताना टेम्पोत कोणी बोललं नाही.

नंतर विचार केला, त्याला ‘उभा रव’ हे मैदानातून कोण सांगणार होतं? पंचवीस-तीस वर्षांचा एकही खेळाडू आमच्याकडे नाही, ते सगळे मुंबईला. गणपतीत येतात, आरत्या म्हणतात, पाचव्या-सातव्या दिवशी परत. मैदानात सात पोरं आणि सातही एकाच वयाची. कठड्यामागून ओरडणाऱ्याचा उपयोग शून्य.

शार्क्सचं नेमकं हेच झालंय, फरक एवढाच की आपल्या मोठ्यांना मॅनेजमेंटनेच मुंबईला पाठवलं. एरिक कार्लसन २०२३ च्या ऑगस्टमध्ये पिट्सबर्गला. टोमास हर्टल २०२४ च्या मार्चमध्ये व्हेगासला. २०२४ च्या डिसेंबरात गोली ब्लॅकवुड कोलोरॅडोला, २०२५ च्या १ फेब्रुवारीला ग्रॅनलुंड आणि सेसी डॅलसला, मार्चमध्ये झेटरलुंड, वॉलमन, स्टर्म, कुनिन. बदल्यात काय मिळालं? बहुतेक वेळा पुढच्या ड्राफ्टचे हक्क, म्हणजे आणखी पोरं. टोफोली, वेनबर्गसारखे दोन-चार जाणते आणले, नाही असं नाही. पण वीसजणांच्या चमूत ते पुरणार किती?

आता कोणी म्हणेल, पुनर्बांधणी अशीच होते. होते का? याच टीमचा इतिहास बघा. १९९२-९३ मध्ये शार्क्स ८४ पैकी ७१ मॅच हरले, तो आकडा आजही एनएचएलचा विक्रम आहे. अवघे २४ गुण. पुढच्याच वर्षी ८२ गुण, प्लेऑफ, आणि पहिल्याच फेरीत डेट्रॉइटसारख्या बलाढ्य टीमला सातव्या मॅचमध्ये घरी बसवलं. एका वर्षात. त्यात गोली अर्तुर्स इर्बेचा वाटा मोठा होता, पण मला जास्त आवडतात ते दोन म्हातारे: इगोर लारिओनोव्ह आणि सर्गेई माकारोव्ह, जुन्या सोव्हिएत टीमचे, दोघेही तिशी ओलांडलेले. त्यांनी पक इतका वेळ स्वतःकडे ठेवला की समोरच्याला खेळायलाच मिळेना. मी तेव्हा देवगडात मराठी शाळेत होतो, हे सगळं नंतर जुन्या फितींवर बघितलं. पण मैदानातला ‘उभा रव’ म्हणणारा माणूस म्हणजे काय ते त्यात दिसतं.

म्हणून म्हणतो, चिडायचं तर पोरांवर नको, ज्यांनी घर रिकामं केलं त्यांच्यावर चिडा. तो तुमचा हक्क आहे, तिकिटाचे पैसे मोजलेत.

आता एक गोष्ट कबूल करतो, कारण तुम्हालाही ती लवकरच भेटेल. २०२४ च्या मार्चमध्ये माझ्या लक्षात आलं की मी आपल्या मॅचपेक्षा शिकागोचे निकाल जास्त बघतोय. शेवटचा नंबर आला तर ड्राफ्टच्या लॉटरीत पहिला खेळाडू मिळण्याची शक्यता २५.५ टक्के, म्हणून शिकागो जिंकावी आणि आपण हरावं. एका सकाळी आपण आघाडी घालवली आणि माझ्या तोंडून ‘छान!’ निघालं. बाबा ओटीवर सुपाऱ्या कातरत होते. अडकित्ता थांबला.

‘हरली मा?’

‘हो.’

‘आणि तू हसतंस?’

मी लॉटरी समजावून सांगितली. जो शेवटचा येतो त्याला पहिला मान, वगैरे. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, ‘पोरांका म्हाईत हा काय, तुमका ती हरलेली होयी ता?’ आणि पुन्हा कातरायला लागले.

मला उत्तर सुचलं नाही. बफेलोत २०१५ च्या मार्चमध्ये हे भर स्टेडियममध्ये झालंय: ॲरिझोनाने ओव्हरटाइममध्ये गोल मारून बफेलोला हरवलं आणि बफेलोच्याच लोकांनी जल्लोष केला. खेळाडूंनी तो कानांनी ऐकला. त्या वर्षी बफेलो शेवटी आली, आणि लॉटरी लागली एडमंटनला. आपली लागली, सेलेब्रिनी मिळाला, त्याने यंदा ७० मॅचमध्ये २५ गोल आणि ३८ असिस्ट केले, मी खूश आहे. पण ते ‘छान!’ अजून टोचतं. तुम्ही त्या गटात जाऊ नका. गेलात तरी निदान स्टेडियममध्ये टाळ्या वाजवू नका.

प्रत्यक्षात काय करायचं, ते पटकन सांगतो. रोज बघू नका, आठवड्यातून एक पुरे. गुणफलक झाकून एकाच खेळाडूची एकेक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची पाळी, बघा, पक नसताना तो कुठे उभा राहतो ते. सेलेब्रिनीत ऑक्टोबर ते एप्रिल झालेला फरक असा बघितला तरच दिसतो. आणि हात आखडता असेल तर बॅराकुडाच्या मॅचला जा. शार्क्सची दुय्यम टीम, तुमच्याच गावात, छोटं स्टेडियम, काचेला नाक लावून बसता येतं. पुन्हा मासाच, त्याला इलाज नाही.

बाकी आमच्या घरी थोडी प्रगती आहे. मध्यंतरी मी बाबांना सांगितलं की सेलेब्रिनी पहिलं वर्ष जो थॉर्नटनच्या घरी राहिला, आणि टीममधला दुसरा पोरगा विल स्मिथ पॅट्रिक मार्लोच्या. थॉर्नटन आणि मार्लो दोघेही शार्क्सचे जुने मोठे खेळाडू, बायकापोरांचं घर, सेलेब्रिनी अठराचा, स्मिथ एकोणिसाचा. बाबा पहिल्यांदा सरसावून बसले. ते स्वतः अठराव्या वर्षी लालबागला गेले, गावकऱ्यांच्या खोलीत. एका खोलीत चौदा-पंधरा जण, पाळीपाळीने झोपायचे. गिरणीत पहिल्या महिन्यात यांच्या हातून काहीतरी बिघडलं, मुकादम ओरडला, हे नोकरी सोडून गावी पळून येणार होते. खोलीतल्या एका वयस्क गाववाल्याने ट्रंक उचलून माळ्यावर टाकली आणि म्हणाला, आधी जेव. ही गोष्ट मी चाळीस वर्षांत कधी ऐकली नव्हती.

यंदा पाऊस मे महिन्यातच आला, शेवटचा आंबा भिजला, त्या धावपळीत लॉटरीचं सांगायचंच राहिलं होतं. काल सांगितलं. पहिला नंबर आयलंडर्सना गेला, आपला दुसरा, म्हणजे आणखी एक अठरा वर्षांचा येणार. बाबांनी विचारलं, ‘तो रवतलो खंय?’